वय कुणाचं मोजता?

न्यूनगंड हा शब्द आधी फेकून द्या.

हिंगोलीत, वसमतला, कळमनुरीला आपल्या पोरांच्या अभ्यासिका निघाल्यात. चांगलं झालं. भिंतीवर बाबासाहेब, खाली सतरंजी आणि सतरंजीवर टीईटीची पुस्तकं. त्या परीक्षेत बालमानसशास्त्राला ३० मार्क. पोरं रात्र रात्र जागून पाठ करतात. पियाजेच्या चार अवस्था, कोहलबर्गच्या सहा, एरिक्सनच्या आठ. झोपेतून उठवून विचारलं तरी घडाघडा सांगतील. मग वर्षातून एकदा कोणीतरी पाहुणा येतो. व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर घेतो. म्हणतो, तुमच्यात न्यूनगंड आहे, तो काढून टाका, रोज आरशासमोर उभं राहून म्हणा, मी करू शकतो. पोरं टाळ्या वाजवतात. शाल-श्रीफळ देऊन पाहुण्याला यष्टीत बसवून देतात.

दोस्तांनो, माझं भांडण या टाळ्यांशी आहे.

गंड म्हणजे गाठ. गाठ आपोआप पडत नसते, कोणीतरी मारावी लागते. हा शब्द आला व्हिएन्नाच्या आल्फ्रेड अॅडलरकडून. त्याचं म्हणणं साधं होतं. प्रत्येक लेकरू मोठ्या माणसांच्या जगात स्वतःला लहान समजतं आणि त्या लहानपणातून वर यायची धडपड करतं. प्रत्येक लेकरू, बरं का. पाटलाचं, बामणाचं, कलेक्टरचं. आपल्याकडे येईस्तोवर तो शब्द जातीचा दाखला झाला. मास्तर लोक स्टाफरूममध्ये म्हणतात, 'त्यांच्या पोरांत न्यूनगंड असतो हो.' म्हणजे गाव निर्दोष, शाळा निर्दोष, पाणवठा निर्दोष. दोष पोराच्या छातीत. आणि औषध काय, तर आरसा!

याच गोष्टीची परीक्षा उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत झालेली आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोघींनी केलेली. सहावी-सातवीतल्या पोरांना कागदावरची कोडी दिली, वाट शोधून बाहेर पडायची. जेवढी सोडवाल तेवढे पैसे. जात कोणी काढली नाही तेव्हा खालच्या म्हटलेल्या जातीची पोरं आणि वरच्या जातीची पोरं बरोबरीत राहिली. मग दुसऱ्या गटात सगळ्यांसमोर नाव, बापाचं नाव, आज्याचं नाव, गाव आणि जात वाचून दाखवली. तेवढंच केलं, बाकी काही नाही. तर आपल्या पोरांची कोडी सुटायची कमी झाली. २००६ साली हे छापून आलं. आता सांगा, गंड कुठं होता? पोरात असता तर पहिल्या गटातही दिसला असता. तो त्या वाचणाऱ्याच्या तोंडात होता.

तेव्हा त्या आठ अवस्था पाठ करणारांनी जरा थांबावं. पुस्तक फाडा असं मी म्हणत नाही. एरिक्सन वाचा. नीट वाचा. माणूस वाचण्यासारखा आहे. १९५० साली त्यानं मांडलं की माणसाचं मन लहानपणीच शिजून तयार होत नाही, ते मरेपर्यंत घडत राहतं आणि प्रत्येक वयात एकेक पेच पडतो. तान्ह्या लेकराला जगावर विश्वास ठेवावा की नाही हा पेच. शाळेतल्या पोराला आपल्या हातानं काही जमतं की आपण कमीच हा पेच. वयात आलेल्याला मी कोण हा पेच. मग कोणाशी जीव जोडावा, पुढच्यांसाठी काय करावं, आणि म्हातारपणी मागं वळून बघताना जगलो ते बरं जगलो का. ही मांडणी खोटी नाही. एरिक्सन स्वतः १९०२ साली जर्मनीत जन्मला, खरा बाप कोण हे त्याला आयुष्यभर कळलं नाही. ज्यूंच्या देवळात पोरं त्याला परका म्हणून चिडवायची आणि जर्मन शाळेत ज्यू म्हणून. १९३९ साली अमेरिकेचा नागरिक होताना त्यानं स्वतःच स्वतःला एरिक्सन हे आडनाव दिलं. मी कोण हा प्रश्न त्याला असाच सुचला नव्हता. तो मार खाऊन सुचला होता.

पण एक गोष्ट त्यानं गृहीत धरली. वय वाढतं, आणि वयाबरोबर समाज माणसाला पुढच्या पायरीवर घेतो. दाढी-मिशी आली की बाप्या. केस पिकले की म्हातारा, मान द्यायचा. पायऱ्या सगळ्यांना सारख्या.

आपल्याकडं तसं हाय का?

मराठवाड्यातल्या पुष्कळ गावांत अजून पारावर जाऊन उभं राहा आणि नुसते कान उघडे ठेवा. सत्तर वर्षांचा आपला म्हातारा जातो आणि सात वर्षांचं पोरगं त्याला 'ए' म्हणून हाक मारतं. म्हातारा 'जी' म्हणून वळतो. त्याच्या आज्यानं जोहार घातला होता, यानं जोहार टाकला, पण 'ए' काही गेला नाही. सात वर्षांचं पोर मोठं आणि सत्तर वर्षांचा माणूस ल्हान. ही कुठली अवस्था? एरिक्सनच्या आठांत ही सापडायची नाही.

ती मनूत सापडते. टप्प्यांचा सिद्धांत या देशात कोणी पहिल्यांदा मांडला असं टीईटीत विचारलं तर पियाजे लिहू नका. मनुस्मृती सांगते, मुंज बामणाच्या पोराची आठव्या वर्षी, क्षत्रियाच्या अकराव्या, वैश्याच्या बाराव्या. शूद्राची नाहीच. म्हणजे बुद्धी कोणाची कधी उघडायची याचं वेळापत्रक जातीवर. ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ, संन्यास हे चार आश्रम ज्यांना मुंज त्यांना. बाकीच्यांना एकच आश्रम, जन्मापासून सरणापर्यंत, सेवा. त्याच ग्रंथात पुढं आहे की दहा वर्षांचा ब्राह्मण आणि शंभर वर्षांचा क्षत्रिय यांचं नातं बाप-लेकाचं समजावं, आणि त्यात बाप म्हणजे ब्राह्मण. शूद्राला मान मिळतो, पण कधी? नव्वदी ओलांडल्यावर! अतिशूद्राचा तर हिशोबच नाही, त्यानं कितीबी जगावं. पारावरचं ते सात वर्षांचं पोर काही वाचून आलेलं नाही. त्याला हे दुधातून मिळालेलं आहे.

म्हणून सांगतो, या देशात वय ही निसर्गाची गोष्ट नाही. वय ही जातीनं द्यायची किंवा दाबून ठेवायची वस्तू आहे.

आपल्या बापाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख बघा. एक जून. चुलत्याची बघा. एक जून. माय शाळेत गेली असली तर तिचीही. अख्खी वस्ती एकाच दिवशी जन्मली! नाव घालायला नेलं तेव्हा मास्तरनं पोराच्या उंचीकडं बघितलं, डोक्यावरून हात घालून दुसऱ्या बाजूचा कान धरायला लावला आणि तारीख ठोकून दिली. खरं आहे, कुणब्या-धनगरांच्या पोरांचीही एक जूनच लागली, ते दुःख सगळ्या अडाणी खेड्याचं. पण ज्यांचं वय मास्तरनं लिहिलं त्यांनी तरी वयाच्या पुस्तकावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये.

आता पायरीपायरीनं बघू. सगळ्या पायऱ्यांवर सारखं थांबायला मला वेळ नाही.

तान्हं लेकरू. पुस्तक म्हणतं माय सतत जवळ असावी, नाही तर जगावरचा विश्वास बसत नाही. आमची माय दिवाळीनंतर उसाच्या फडात. सेनगाव, कळमनुरी, औंढ्याकडची किती घरं टोळीत जातात ते तुम्हाला सांगायला नको. लेकरू फडाच्या कडेला झोळीत, नाही तर कोपीत. त्याला सांभाळायला आठ वर्षांची बहीण. म्हणजे एका लेकराची पहिली पायरी सांभाळायला दुसऱ्या लेकराची चौथी पायरी मोडून जाळायची. पुस्तकात सहा ते बारा वर्षं म्हणजे शाळेत काही करून दाखवायचं वय. ही पोरगी ते वय एका काखेत लेकरू आणि दुसऱ्या हातात घागर घेऊन घालवते. हंगामी वसतिगृहं कागदावर आहेत. किती गावांत चालू आहेत ते तुम्ही आपल्या आपल्या गावात जाऊन मोजा. मात्र पुस्तकवाल्यांना एक सांगितलं पाहिजे. एकट्या मायवर लेकरू वाढतं ही तुमच्या बंगल्यातली गोष्ट. आमच्या वस्तीत लेकरू या कडेवरून त्या कडेवर फिरतं. आजी, मावशी, शेजारीण, कोणाचंही दूध पितं. 'आठवणींचे पक्षी' हे प्र. ई. सोनकांबळ्यांचं १९७९ सालचं पुस्तक आहे, आपल्याच मराठवाड्यातलं. मायबाप गेलेलं पोर बहिणीच्या घरी वाढतं. शिळ्या तुकड्यावर वाढतं, बोलणी खातं, पण वाढतं, आणि पुढं कॉलेजात इंग्रजी शिकवतं. विश्वास त्याला कोणी दिला? उपाशी माणसांनी दिला. याच्यावर एखादा सिद्धांत कोणी मांडला का?

मग नाव. मनूनं नावाचंही ठरवून ठेवलं, बामणाचं नाव मंगल असावं, शूद्राचं किळस वाटेल असं. म्हणून आमच्यात कचऱ्या, दगड्या, उकंड्या, धोंड्या. मायबापांना वाटायचं की अशा नावाचं लेकरू मरत तरी नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या, वरून किळस आणि खालून माया. १९५६ नंतर वस्त्यांत सिद्धार्थ, मिलिंद, गौतम, सुजाता, प्रज्ञा जन्मले. मी म्हणतो, एरिक्सननं जे १९३९ साली एकट्यानं केलं ते आपल्या अडाणी आयाबायांनी लाखांनी केलं, आणि कोणत्याही पुस्तकात त्याची नोंद अवस्था म्हणून नाही.

मी कोण हा पेच पुस्तकात बारा ते अठरा वर्षांत पडतो. आम्हाला एवढा दम कोण देतो? १९०१ साली साताऱ्याहून भीमराव, त्याचा भाऊ आणि भाचे बापाला भेटायला कोरेगावला निघाले. नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या. मसूर स्टेशनवर उतरले, घ्यायला कोणी आलं नाही. स्टेशन मास्तरनं प्रेमानं चौकशी केली, बामणाची पोरं असतील म्हणून. मग विचारलं, कोण तुम्ही? पोरानं सांगितलं, महार. मास्तर पाच पावलं मागं सरकला. गाडीवाले यायला तयार होईनात. रात्रभर पाणी नाही. नऊ-दहा वर्षांचं पोर होतं ते. ज्या वयात पियाजेच्या मते पोरगं अजून समोर दिसणाऱ्या वस्तूंवरच विचार करतं, त्या वयात बाबासाहेबांना या देशातली सगळ्यात अमूर्त कल्पना एका रात्रीत शिकावी लागली. विटाळ दिसत नाही, हाताला लागत नाही, पण त्याच्यानं तहान भागत नाही. आमच्या प्रत्येक लेकराला हा धडा असाच, वयाच्या आधी. कोणाला बालवाडीत, कोणाला खिचडीच्या रांगेत.

आणि मग तेच पोरगं अठरा वर्षांचं झालं की त्याला म्हणतात, अजून मॅच्युरिटी नाही!

१९७८ हे साल लक्षात ठेवा. त्या साली तीन गोष्टी झाल्या. सुधीर कक्करांचं 'द इनर वर्ल्ड' हे इंग्रजी पुस्तक आलं, हिंदुस्थानी माणसाचं बालपण आणि मन यांच्यावर. कक्कर एरिक्सनचे शिष्य. त्यांनी एरिक्सनच्या अवस्थांशेजारी हिंदूंचे आश्रम मांडून दाखवले की बघा, आपल्याकडं हे आधीपासून होतं. होतं ना! कोणाकडं होतं ते मघाशी सांगितलं. गुरूनं १९६९ साली गांधींवर ग्रंथ लिहिला, त्याला अमेरिकेत पुलित्झर मिळालं. गांधींच्या बालपणाची, बापाच्या मरणाची, अपराधाच्या भावनेची एवढी चिरफाड झाली. याच देशात गाडीवानानं नाकारलेलं एक पोर संविधानाच्या मसुदा समितीचं अध्यक्ष झालं. मनाच्या विकासाचा याच्याहून मोठा दाखला जगात कुठला असेल? गुरूनं त्याच्यावर ग्रंथ लिहिला नाही, शिष्यानंही लिहिला नाही.

दुसरी गोष्ट, त्याच साली दया पवारांचं 'बलुतं' आलं. दगडू मारुती पवार आणि दया पवार हे एकाच माणसाचे दोन तुकडे एकमेकांशी बोलतात. एक मागं वळून बघायला घाबरतो, दुसऱ्याला मागचं सुटत नाही. मी कोण या प्रश्नावर मराठीत यापेक्षा खरं मानसशास्त्र मला तरी ठाऊक नाही. सहा वर्षांनी, १९८४ साली, शरणकुमार लिंबाळ्यांच्या 'अक्करमाशी'नं तोच प्रश्न आणखी खोल नेला. ज्याला बापाचं नाव लावता येत नाही त्याची ओळख कुठल्या रकान्यात लिहायची? ही पुस्तकं साहित्याच्या कपाटात कोंडून ठेवली. ती बीएडच्या वर्गात पाहिजेत.

तिसरी गोष्ट तुम्हाला माहीत आहे. २७ जुलैला विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. परभणी-नांदेडकडच्या खेड्यांत वस्त्या जळाल्या. टेंभुर्णीत पोचीराम कांबळ्यांना जिवे मारलं. नाव बदलायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधी साडेपंधरा वर्षं. ज्या पोरानं सोळाव्या वर्षी मोर्चात पहिली लाठी खाल्ली त्याच्या डोक्यावर तोवर टक्कल पडायला लागलं होतं. एरिक्सन म्हणतो, तरुणाला समाज थोडी सवड देतो, हे करून बघ, ते करून बघ, मग ठरव. सवड! आमच्या त्या पिढीला सवड मिळाली ती लॉकअपात. आणि तरीही मी म्हणतो की ती पिढी त्या वर्षांत जेवढी मोठी झाली तेवढी कोणतीच शिबिरं करून झाली नसती. योगायोग असा की एरिक्सन १९९४ च्या मे महिन्यातच वारला. त्याच्या कानावर नामांतर गेलं असण्याचं काही कारण नाही.

आता इथं माझ्या मुद्द्याला येतो. पुस्तकातला माणूस एकटा पायऱ्या चढतो. त्याचा पेच त्याचा, त्याची सुटका त्याची. आमच्यात एकट्यानं चढता येत नाही, कारण वरचा जिना गावानं काढून ठेवलेला आहे. १९२७ साली महाडला कायदा आपल्या बाजूचा होता. १९२३ साली मुंबईच्या कौन्सिलात बोल्यांचा ठराव झालेला, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं केलेलं. पण एकटादुकटा गेला असता तर डोकं फुटलं असतं. २० मार्चला हजारो गेले. ओंजळीतलं पाणी तोंडाला लागलं आणि साठ वर्षांचे म्हातारे त्या दिवशी वयात आले. नंतर डोकी फुटलीच, पण वयात आलेला माणूस मागं लहान होत नसतो. १४ ऑक्टोबर १९५६ हे याचं दुसरं टोक. बाबासाहेब ६५ वर्षांचे, शरीर थकलेलं, मधुमेह. पुस्तकाप्रमाणं ही शेवटची पायरी, मागं वळून हिशोब करायची. त्यांनी लाखो माणसांना बरोबर घेऊन पहिली पायरी नव्यानं चढली. दोन महिनेही हाती नव्हते.

म्हणून मला राग येतो तो आपल्याच काही लोकांचा. औरंगाबादला, पुण्याला नोकरीला लागले, फ्लॅट घेतला, आडनाव बदललं, पोराला सांगितलं की कोणी विचारलं तर विषय बदल. त्यांच्या भीतीला मी हसत नाही. घरमालक आडनाव विचारूनच चावी देतो, हे मला माहीत आहे. पण पोराला काय शिकवलं? तुझ्या नावात काहीतरी लपवण्यासारखं आहे. उत्तर प्रदेशातल्या त्या प्रयोगात जात वाचणारा बाहेरचा होता. इथं तो घरातच बसवला, सोफ्यावर. पुढच्या पिढीला वाढवणं ही एरिक्सनची सातवी पायरी. ती हप्त्यावर घेतलेल्या गाडीनं चढता येत नाही. गायरानाच्या दोन एकर खडकात ज्यांनी कुळव धरला, गावाच्या शिव्या खाल्ल्या, केसेस झेलल्या, आणि १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचा निर्णय निघाल्यावर तलाठ्याच्या दारात वर्षानुवर्षं बसले, ते सातव्या पायरीवरचे खरे लोक. त्यांना कोणी व्यक्तिमत्त्व शिकवलं नव्हतं.

आणि आपण? चळवळीतले तरुण? आपल्या बॅनरवर युवक हा शब्द असतो. त्या शब्दात पोरी असतात का? कोहलबर्गनं नीतीच्या सहा पायऱ्या काढल्या त्या नुसत्या पोरांना विचारून. १९८२ साली कॅरोल गिलिगन या बाईनं त्याला विचारलं, बायका कुठं आहेत? आपल्याला हा प्रश्न कोणी विचारायची गरज नव्हती, बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' १९८६ पासून पुस्तकरूपात समोर आहे. आठ-नऊ वर्षांच्या सुना त्यात आहेत. आज काय बदललं? उसाच्या टोळीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकट्या पोराला कोण घेतो? मग सोळाव्या वर्षी पोरीचं लगीन लावतात, तिचं वय झालं म्हणून नाही, तर कोयता पुरा व्हावा म्हणून. जीव जोडायची सहावी पायरी म्हणे! मुकादमाच्या वहीत ती पायरी उचलीच्या रकमेसमोर लिहिलेली असते. २०१९ साली बीड जिल्ह्यात सरकारी पाहणी झाली, तेव्हा ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीत खाडा पडतो, खाड्याला दंड पडतो. पुस्तकात पाळी जायचं वय पंचेचाळीस-पन्नास. इथं पोरवयात बाई आणि तिशीच्या आत म्हातारी. दोन्ही पायऱ्या दुसऱ्यानंच ठरवल्या. आणि यातल्या किती बायका आपल्या जयंती मंडळाच्या कमिटीत आहेत? वर्गणीच्या यादीत नाव असतं, तेही नवऱ्याचं.

आता कोणी म्हणेल, मग मानसशास्त्र शिकूच नये का? शिकावं. जिद्दीनं शिकावं, आणि त्यांच्याच हत्यारानं त्यांना धरावं. अमेरिकेतल्या काळ्यांनी ते केलं. केनेथ आणि मेमी क्लार्क, नवरा-बायको, दोघंही काळे, दोघंही मानसशास्त्र शिकलेले. १९४० च्या सुमारास त्यांनी तीन ते सात वर्षांच्या २५३ काळ्या लेकरांपुढं दोन रंगांच्या बाहुल्या ठेवल्या. चांगली कुठली? बहुतेकांनी गोरी दाखवली. वाईट कुठली? काळी. मग तुझ्यासारखी कुठली, असं विचारल्यावर काही लेकरं रडत उठून गेली. १९५४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवला, तेव्हा क्लार्क यांचं काम पुराव्यात होतं. लक्षात घ्या, क्लार्कनी त्या लेकरांचं शिबिर घेतलं नाही. आरसा दिला नाही. त्यांनी शाळेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. आपल्याकडं २००७ साली थोरात समितीनं दिल्लीच्या एम्समध्ये आपल्या विद्यार्थ्यांना कसं वेगळं पाडतात ते लिहून दिलं. नऊ वर्षांनी हैदराबादला रोहित वेमुला गेला. तेव्हाही टीव्हीवर चर्चा कशाची? तो मनानं कमकुवत होता का याची!

याच जिल्ह्यात, औंढ्याजवळ दुधाळ्याला, लिगोची वेधशाळा उभी राहते आहे, २०२३ साली केंद्रानं मंजुरी दिली. दूर आकाशात दोन तारे आदळले तर अणूच्या गाभ्यापेक्षाही बारीक थरथर त्या यंत्रात पकडणार. पकडा, आम्हाला अभिमान आहे. त्याच तालुक्यात नागनाथाचं देऊळ नामदेवासाठी फिरलं म्हणतात. देऊळ फिरलं, गाव फिरलं नाही, आणि शेवटच्या बाकावरच्या पोराची थरथर मोजायला अजून कोणी फुटपट्टीही आणलेली नाही.

ती आपण आणू. टीईटीच्या पेपरात पुस्तकातलीच उत्तरं लिहा, मार्क लागतात, नोकरी लागते, त्यात कमीपणा नाही. पण घरी दुसरी वही करा. आपल्या वस्तीत बसा आणि विचारा. तुला तुझी जात पहिल्यांदा कोणी सांगितली, तेव्हा किती वर्षांची होतीस? पहिली मजुरी कितव्या वर्षी? शाळा कितव्या वर्षी सुटली, कोणाला सांभाळायला? तुला गावातल्या माणसानं पहिल्यांदा 'अहो' कधी म्हटलं, का म्हटलंच नाही? तुझं नाव कोणी ठेवलं? बायकांना आधी विचारा, म्हाताऱ्यांना लवकर विचारा. मांगवाड्यात जा, तांड्यावर जा, पारध्यांच्या पालावर जा, आपलंच आपल्याला पुरे म्हणून बसू नका. माणसाचं नाव घालू नका, गाव घालू नका, वय मात्र बरोबर घाला. एक जून लिहिलेलं असेल तर तो सोडून खरं वय शोधा, दुष्काळ, पूर, कोणाचं लगीन यावरून म्हातारी माणसं बरोबर सांगतात. कळमनुरीकडून आलं की सेनगावकडं मागू. पाठकोऱ्या कागदावर लिहिलं तरी चालेल, अक्षर तेवढं लागेल असं काढा.

जयभीम.